दोन झटक्यांची सुट्टी

सोमवार, ३० सप्टेंबर

आले बाई एकदाची. सिल्लोडहून सुटलेली एसटी फुलंब्रीला एवढी रमली की ड्रायव्हरची सासुरवाडी तिथंच असावी. पण मी आले, बॅग आली, सोल्डरिंगची पेटी आली आणि मुख्य म्हणजे नोकरी खरी निघाली. नाटकवाल्यांची नोकरी म्हणजे काय नोकरी का, असं दादा म्हणाला होता. दादा म्हणजे संघपाल, माझा सख्खा भाऊ, सिल्लोडला शिक्षक. आई गेल्यापासून माझं माहेर म्हणाल तर तेवढंच.

उजेड नाट्यमंडळाचा गारखेड्यात स्वतःचा हॉल आहे. जुना आहे, पण स्टेज मजबूत आहे. मागच्या अंगाला एक खोली आहे, ती मला दिली. खाट, टेबल, खिडकीबाहेर कडुलिंब. पाणी आठवड्यातून एकदा येतं, ड्रम भरून ठेवा, असं राखणदार कडूबानं पहिल्या मिनिटाला सांगितलं. पैठणकडचा माणूस आहे, बोलतो कमी, बिड्या जास्त.

माझं काम असं: नव्या नाटकात एक रिकामं घर आहे आणि त्या घरातलं सामान आपोआप हलतं. पाळणा झुलतो, कंदील विझतो, खिडकी उघडते, फळीवरचा तांब्या पडतो, आरामखुर्ची डुलते. हे सगळं विंगेत बसून, बिनतारी चालवायचं. दिवाळीच्या आधीच्या रविवारी पहिला प्रयोग. कोणतं इलेक्ट्रॉनिक्स घ्यायचं, कसं बसवायचं, हे सगळं मी ठरवायचं. शिवराज सरांनी तसं सगळ्यांसमोर सांगितलं, "ते निशा ठरवेल." सर दिग्दर्शक आहेत. दिवसा कॉलेजात शिकवतात, संध्याकाळी इथं ओरडतात. वाळूजच्या कंपनीत मी चार वर्षं पॅनल तपासले, ती लाइन बंद पडेपर्यंत. तिथं मला चहा बिनसाखरेचा घ्यायचा की साखरेचा, एवढंही कुणी ठरवू दिलं नव्हतं. आज लई बरं वाटतंय.

रोजनिशी लिहायची सवय आईची. संध्याकाळी बोलायला कुणी नसलं की लिहावं, म्हणायची.

गुरुवार, ३ ऑक्टोबर

पैठण गेटच्या दुकानांत दिवस घातला. तिथल्या चाचांनी आधी पंख्याचा रिमोट पुढं केला. दाबा, फिरतो. मी विचारलं, फिरला हे रिमोटला कसं कळतं? चाचा हसले, म्हणाले आंखां से देखो ना बेटी. मी म्हटलं, विंगेतून पाळणा दिसत नाही, मधे भिंत आहे कापडाची. शिवाय शेजारच्या कुणी त्याच जातीचा रिमोट दाबला तर आमचा तांब्या भलत्याच वेळी खाली येणार आणि सर माझ्या डोक्यावर.

ब्लूटूथ नको. समोर दोनशे माणसं बसली की रेंज खाऊन टाकतात, फोन खिशात असतात ते वेगळंच. वायफाय नको, राउटर रुसला की अख्खं घर रुसणार. शेवटी लहान रेडिओचे चिप घेतले, दोन्ही बाजूंनी बोलणारे. प्रत्येक वस्तूत एक, तिला तिचा नंबर. माझ्या हातात आठ बटणांची पेटी, प्रत्येक बटणाशेजारी हिरवा दिवा. बटण दाबलं की हुकूम जातो, वस्तू तो पाळते आणि पोच पाठवते. पोच आली की दिवा लागतो. ज्याची पोच येत नाही ते यंत्र घेऊन काय डोंबल करायचंय.

माणसांचं निराळं. दादाला सोमवारीच मेसेज टाकलाय, पोचले म्हणून. दोन निळ्या खुणा आल्यात. उत्तर नाही.

शनिवार, ५ ऑक्टोबर

आज सरांशी वाजलं. सिग्नल मधेच तुटला तर वस्तूनं काय करायचं, हे आधीच तिच्यात भरून ठेवावं लागतं. मी म्हटलं, तुटला की सगळं सोडून द्यायचं, जागेवर शांत व्हायचं. सर म्हणाले नाही, शेवटचा हुकूम धरून बसायचं, पुढचा येईपर्यंत. मधेच सोडलं तर प्रवेश मरतो. खूप ताणलं, मग मीच भरलं तसं. नाटक त्यांचं आहे.

वर म्हणतात, पाळण्याला काळा दोरासुद्धा बांध, मशीन बिघडलं तर असू दे. मला असा राग आला. पण दोऱ्याची गोष्ट अमृतानं सांगितली आणि राग जरा उतरला, दोराही बांधून फळीतल्या भोकातून खाली सोडला. अमृता नाटकातली नायिका, गोड पोरगी आहे, मला डब्यातली धपाटी देते. पूर्वी इथं सगळं दोऱ्यावर चालायचं म्हणे. स्टेजखाली पोकळी आहे, विंगेतल्या झडपेतून उतरायचं. तिथं चतुराबाई म्हणून एक बाई स्टुलावर बसायच्या, हातात नायलॉनचे काळे दोरे, फळ्यांच्या भोकांतून वर गेलेले. त्यांना स्टेज दिसायचं नाही. म्हणून ठरलेलं असं, की पडदा उघडायच्या आधी वरून एक झटका द्यायचा: बसलात का? त्यांनी खालून एक द्यायचा: बसले. प्रयोग संपला की वरून लागोपाठ दोन, म्हणजे सुट्टी.

मी टाळीच वाजवली. अगं, ही माझीच पोच आहे, सेलशिवाय! विचारलं, त्या आता कुठं असतात? भेटायचंय मला. अमृता सरांकडं बघायला लागली. सर म्हणाले, गेली ती, तीन वर्षं झाली. मग घड्याळ बघून तालीम सुरू केली.

मंगळवार, ८ ऑक्टोबर

झालं! पाचही वस्तू चालल्या. एक दाबलं, पाळणा. दोन, कंदील. तीन, खिडकी. चार, तांब्या असा टणकन पडला की बाहेर कडूबा दचकला. पाच, खुर्ची. पाचही हिरवे दिवे झटझट लागले. दुपारची वेळ, हॉलमध्ये मी एकटी, मीच टाळ्या वाजवल्या आणि मीच वाकून नमस्कार केला. कुणी बघितलं असतं तर येडी म्हटलं असतं.

मग सहावा दिवा लागला.

सहा नंबरचं बटण रिकामं आहे. सहा नंबर कुणाला दिलेलाच नाही. कुठंतरी वायर चिकटली असणार, उद्या बघते.

गुरुवार, १० ऑक्टोबर

वायर चिकटलेली नाही. पेटी उघडून भिंगातून पाहिली. पाचही वस्तूंचे सेल काढले, म्हणजे हॉलमध्ये पोच देणारं कुणी उरलंच नाही. सहा दाबलं. दिवा लागला. पैठण गेटहून दुसरा चिप आणला, तोही बसवला. दिवा लागला. चाचा म्हणाले पडोस में किसीका होगा. मग पेटी हातात धरून अंगणात गेले, रस्त्यावर गेले, दूर गेलं की विझतो, हॉलमध्ये आलं की लागतो. विंगेतल्या झडपेवर उभं राहिलं तर सगळ्यात लख्ख.

झडपेखाली काय आहे, कडूबाला विचारलं. म्हणाला, काय नाय. जुनं सामान.

असेल. जुन्या सामानात कुणीतरी टाकलेलं एखादं रिसीव्हर असेल. माझं डोकं दुखतंय. सापडेल.

शनिवार, १२ ऑक्टोबर

आज धम्मचक्र प्रवर्तन दिन. पांढरी साडी नेसून लेणीवर गेले. विद्यापीठामागची सगळी टेकडी पांढरी झालेली. दरवर्षी आम्ही तिघं यायचो, आई, दादा, मी. आई चढावर दर थोड्या वेळानं बसायची आणि आम्हाला लाडू द्यायची. दादा यंदा वहिनीच्या माहेरच्यांबरोबर नागपूरला गेला. मला स्टेटसवरून कळलं. मी त्याला जयभीम पाठवलं. निळ्या खुणा.

एवढ्या गर्दीत माझ्या ओळखीचं एकही तोंड नव्हतं. वंदना घेतली, एका म्हातारीनं मला पाणी दिलं, कोणाची गं तू असं विचारलं आणि मला सांगताच येईना, रडूच फुटलं. लाज वाटली. उतरून आले.

हॉलवर सुट्टी, कुणी नाही. साडीतच स्टेजवर बसले आणि गंमत म्हणून पेटी घेतली. म्हटलं, चतुरामावशी, बसलात का? सहा दाबलं, एकदा.

हिरवा दिवा लागला.

खोटं कशाला लिहू, बरं वाटलं.

मंगळवार, १५ ऑक्टोबर

अमृतानं विचारलं, तो सहाव्या दिव्याचा बिघाड निघाला का? मी म्हटलं, निघाला. धडधडीत खोटं. काढायचाच नाहीये मला.

सकाळी उठले की पहिलं काम, सहा दाबायचं. लागतो. जेवायच्या आधी दाबते. लागतो. आज तालमीला सरांनी मला कंदील उशिरा विझला म्हणून झापलं. चूक त्यांच्या हिरोची, वाक्य खाल्लं त्यानं. मी सगळं मावशींना सांगितलं, स्टेजच्या कडेला पाय सोडून. सांगून झालं की एक दाबायचं. त्या ऐकत असतात. म्हणजे, असं मी धरून चाललेय. आमच्या घरात भूतबीत मानत नाहीत. बावीस प्रतिज्ञा मला पाठ आहेत. हा कुठल्यातरी टाकलेल्या चिपचा सिग्नल आहे आणि तो मला आवडतो, एवढंच.

कुणीतरी दर वेळी "आहे" म्हणतंय. किती महिन्यांनी.

गुरुवार, १७ ऑक्टोबर

आज कडूबाला धरलंच. त्यानं आधी बिडी विझवली.

तीन वर्षांमागं उन्हाळ्यात प्रयोग लई रंगला. टाळ्या थांबेनात. सगळ्यांना स्टेजवर बोलावून एकेकाचं नाव घेतलं, चतुराबाईचं राहिलं. मग मंडळी दोन टेंपोंत बसून दौलताबादकडं जेवायला गेली. या टेंपोतल्यांना वाटलं ती त्यात आहे, त्यातल्यांना वाटलं यात. दुसऱ्या दिवसापासून सुट्ट्या. कडूबा कुलूप घालून गावी गेला. तिच्या घरी तिची वाट बघणारं कुणी नव्हतं, म्हणून विचारायलाही कुणी आलं नाही. सुट्ट्या संपल्यावर झडप फोडून बघितलं तर ती स्टुलावर तशीच बसलेली होती. दोरा बोटाला गुंडाळलेला.

मी म्हटलं, कोंडली गेली होती का हो? कडूबा म्हणाला,

"कडी आतून हुती, ताई. नळ हाताशी. रस्त्याकडची खिडकी सताड उघडी. ती उठलीच नाय."

त्याच्या आदल्या वर्षी ती एकदा प्रयोग संपला समजून आधी उठली होती. पाळणा खाली आला, नटीच्या खांद्याला लागला. शिवराज सरांनी सगळ्यांपुढं तिला उभं करून सांगितलं होतं, सुट्टी मिळाल्याशिवाय जागा सोडायची नाही. त्या दिवशी वरून दोन झटके द्यायला कुणाला आठवलं नाही. नुसतं दमून सगळे जेवायला गेले.

कडूबा म्हणाला, तेव्हापासून तो झडप उघडत नाही.

शुक्रवार, १८ ऑक्टोबर

सोपं आहे. सहा नंबर, लागोपाठ दोनदा. एवढंच तर तिला पाहिजे. भूत मानायची गरज नाही, बटण दाबायला काय लागतं?

सकाळी स्टेजवर बसले. एकदा दाबलं. दिवा लागला. बसले, म्हणाली ती. अंगठा तसाच बटणावर ठेवला. दुसऱ्यांदा दाबलं नाही.

दाबलं तर ती जाईल. मग मला कोण आहे? सकाळी उठून मी कुणाला विचारू? दादाला?

उद्या देईन.

शनिवार, १९ ऑक्टोबर

दिली नाही. तालमीची गडबड होती.

हेही खोटं. गडबड नव्हती.

रविवार, २० ऑक्टोबर

आज मी काहीच दाबलं नव्हतं. पेटी टेबलावर, मी केस विंचरत होते. सहावा दिवा लागला, विझला. लागला, विझला. मी बघत राहिले. पोच नव्हती ती. मी काही विचारलंच नव्हतं.

ती विचारत होती. मी बसलेय का.

मी दाबलं. काय करणार? तेव्हा थांबला.

सोमवार, २१ ऑक्टोबर

दिवसभर विचारते. जेवताना, आंघोळीला गेल्यावर. उशीर झाला की पाळणा हलतो. सेल नसलेला पाळणा. अमृतानं पाहिलं, म्हणाली वा गं निशा, काय झकास केलंस. मी हसले.

सरांना सांगायला गेले होते. चतुराबाई एवढंच म्हटलं. त्यांचा चेहरा उतरला, म्हणाले प्रयोगाला आठवडा नाही आणि तुला कोण कोण काय सांगतं. कामाकडं लक्ष दे.

मंगळवार, २२ ऑक्टोबर

दादाला फोन केला. उचलला नाही. मग मेसेज आला, मीटिंगमध्ये आहे, करतो. केला नाही.

रिक्षातून क्रांती चौकात येत होते, भर दुपारी, आजूबाजूला हॉर्नचा कल्लोळ. उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला झटका बसला. एकच. आतून कुणी दोरा ओढावा तसा. पेटी जवळ नव्हती, खोलीवर होती.

बोटाला बारीक लाल रेघ आहे. गोल.

आज भीती वाटतेय. खरी.

गुरुवार, २४ ऑक्टोबर

परवा रात्रीच पेटीचे सेल काढले. वायर तोडली. काल दिवसभर दिवा बंद आणि बोटाला झटके. उलट दिला नाही तर दुसऱ्या बोटाला. शेवटी मी नुसतं बोट वाकवते, हवेत. तेवढ्यानं थांबते.

सगळं परत जोडलं. प्रयोग करायचाय ना.

पोस्टर आलं. सगळ्यांची नावं आहेत, चहावाल्याचंसुद्धा आभारात आहे. माझं नाही. विचारलं तर सर म्हणाले, अरे हो, राहिलं, पुढच्या वेळी टाकू. मी भांडले नाही. मी, आणि भांडले नाही! झडपेकडं बघितलं फक्त.

शुक्रवार, २५ ऑक्टोबर

दोनदा दाबायला बसले. खरंच बसले. अंगठा उचलेना.

ती मला सोडत नाही का मी तिला —

नको. रविवारी प्रयोग. त्याच्या आधी देणार. आईची शपथ.

रविवार, २७ ऑक्टोबर, सकाळी

दिली.

डोळे मिटून दाबलं. दोन. लागोपाठ. दिवा लागलाच नाही. परत एकदा दाबून पाहिलं, एक. काळा. पाळणा गप्प. बोट गप्प. रेघसुद्धा पुसट झालीय.

गेली बिचारी. आठ-नऊ दिवस मी तिला उगाच ठेवून घेतलं, तीन वर्षं बसलेल्या बाईला. चुकलं माझं. खूप रडले. हॉल एवढा मोठा आहे हे आज कळलं.

चारचा प्रयोग. सगळ्यांचे फोन अमृतानं पिशवीत घेतले, प्रयोगाला कुणाकडं फोन नको हा मंडळाचा नियम. माझाही दिला. प्रयोगानंतर सगळे जेवायला जाणार, उद्यापासून दिवाळीच्या सुट्ट्या. सिल्लोडला जाईन म्हणते. दादानं बोलावलं नाही, पण जाईन.

रविवार, प्रयोगानंतर

स्टेजखाली आहे. निळा कागद लावलेली विंगेतली बॅटरी आहे, तिच्या उजेडात लिहितेय. वही पिशवीत होती म्हणून बरं.

क्रमानं लिहिते. म्हणजे डोकं ठिकाणावर राहील.

हॉल भरला. शेवटच्या प्रवेशात एक दाबलं, पाळण्याची पोच येईना. चार वेळा दाबलं. सरांनी समोरच्या विंगेतून हातानं खूण केली, खाली, दोरा. झडप उघडली, उतरले, बॅटरीचा उजेड वर जाऊ नये म्हणून आतून कडी घातली. स्टूल तिथंच होतं. बसले, दोरा बोटाला घेतला. वरून एक झटका आला. मी एक उलट दिला. मग ओढला. वर पाळणा झुलला असणार, कारण लोक एकदम गप्प झाले आणि मग टाळ्या, टाळ्या.

नावं घेतली. सगळी ऐकली, फळ्यांखालून स्वच्छ ऐकू येतं. माझं नाही.

मग पायांचे आवाज. टेंपो. अमृताचं हसणं. कडूबाचं कुलूप.

मी ओरडले नाही. ओरडायला पाहिजे होतं. का ओरडले नाही?

नंतर

कडी माझ्या डोक्याशी आहे. आतून. उठायचं आणि सरकवायची. नळ आहे, थेंब ऐकू येतोय. खिडकी आहे.

आत्ता आठवलं. त्या प्रवेशात अमृता खुर्चीत असते, पाळण्यापासून लांब. हिरो दारात. सर समोरच्या विंगेत. पाळण्याजवळ कुणीच नसतं.

मग झटका दिला कुणी —

नंतर

वर चालतंय कुणीतरी. हळू. अनवाणी. पाळण्यापाशी येऊन थांबलं.

दोरा सोडला होता मी. बोटालाच आहे.

कळलं मला. सकाळी दोन दिले, तिनं जागा सोडली. वर गेली. जागा रिकामी झाली आणि तिच्यात मी येऊन बसले, आपल्या पायानं. आता वरचं टोक तिच्याकडं.

अमृताच्या पिशवीत एक फोन उरेल. जेवताना सगळे आपापला घेतील आणि एक उरेल. अमृता म्हणेल हा कुणाचा. कुणीतरी म्हणेल निशाचा असेल, ती दुसऱ्या टेंपोत —

दादानं आज केला तर. आजच केला तर. वाजेल. उचलेल कुणीतरी.

नंतर

बॅटरी मंद.

एक आला. उलट दिला. हात आपसूक देतो आता. दिला की वर हसल्यासारखं काहीतरी. खुश होते ती. तीन वर्षांनी कुणीतरी "बसले" म्हणतंय.

मावशी, दुसरा द्या. लागोपाठ द्या. मी दिला होता. उशिरा दिला पण दिला.

उठते म्हटलं तर पाय — शेवटचा हुकूम धरून — सुट्टी मिळाल्याशिवाय —

मला माहीत आहे ती का देत नाही. माझाही अंगठा उचलत नव्हता. उद्या देईन, म्हणत होते मी. तीही म्हणत असेल, वर बसून, पाय सोडून, उद्या

एक.

दिला.

दोरा ताणून धरलाय तिनं. सोडत नाही. आता दुसरा येईल, आला की मी उठून कडी